पाठमोरी माणसं

४ नोव्हेंबर

चिंगे,

तू आता मोठ्या साप्ताहिकाची फोटो विभागप्रमुख आहेस, तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी पत्रात मी चिंगीच लिहिणार. जिला नाक शिंकरायला मी शिकवलं, तिला मॅडम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सोबत पाच फोटो आहेत. मी काढलेले. हो, मीच. आधी खुर्चीत बस आणि मग पुढे वाच.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी काय केलं, विचार. कपाटं आवरली. मग पसरली आणि पुन्हा आवरली. उभा जन्म हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रे काढण्यात गेला. 'श्वास घ्या, रोखा, सोडा,' हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. घरी मात्र श्वास रोखून धरायला कुणीच नव्हतं. म्हणून सकाळी फिरायला जाऊ लागले, समुद्रात घुसलेल्या त्या दगडी धक्क्यापर्यंत.

तिथे माणसं गळ टाकून उभी असतात. रोज तीच माणसं, रोज त्याच जागी. एके दिवशी आभाळ पांढुरकं होतं, ऊन नव्हतं, आणि त्या उजेडासमोर ती माणसं अशी दिसली, की लाइटबॉक्सवर फिल्म टांगावी आणि मागचा दिवा लावावा. खांदे, कोपर, काठीचा बाक, सगळं स्वच्छ. मी जागीच थांबले. घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन रोलचा कॅमेरा आणला. फिल्म धुण्याचं मला कुणी शिकवायला नको. आमच्या वेळी एक्स-रेसुद्धा अंधारात हातानेच धुवावे लागत. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद डकवला, बादलीशेजारी ट्रे मांडले. आंघोळ आता दुपारी करते.

मला तुझं मत हवं आहे. भाचीचं नको. तुझ्या ऑफिसात कुणी अनोळखी फोटोग्राफर पाकीट घेऊन आला तर त्याला जे सांगतेस, ते मला सांग. फोनवर नको, फोनवर तू फार गोड बोलतेस.

तुझी
आत्या


१५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पाकीट फोडलं आणि खरोखरच खुर्ची शोधावी लागली. तू आणि कॅमेरा! आईला दाखवले, ती म्हणाली, 'वन्सं ना, कधी काय डोक्यात घेतील!' पण फोटो हातातून खाली ठेवत नव्हती.

आता अनोळखी माणसाला सांगते तसं सांगते. तूच मागितलंस, तेव्हा रुसायचं नाही.

पाचही फोटो फार काळे आहेत. आभाळ काळं, पाणी काळं, माणसं तर कोळशाचीच. सगळी पाठमोरी. एकाचाही चेहरा नाही. तू फार लांब उभी राहतेस, जणू चोरून काढते आहेस. चौकटीत पाणी आणि दगड इतके, की माणूस शोधावा लागतो. चौथा फोटो, तो बुटका माणूस आमिष लावतो आहे आणि त्याची बोटं तेवढी उजळ आहेत, तो चांगला आहे. नुसता चांगला नाही, मी दोनदा परत जाऊन बघितला. तिथे तू जवळ गेली होतीस, हो ना?

आता भाचीचं मत, ते तू मागितलं नाहीस तरी. फोटो बघून तुझी काळजी वाटली गं. इतका अंधार, एवढीशी माणसं, प्रत्येकजण एकटा. तू बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? घरात दिवसभर कुणाशी बोलणं होत नसेल, मग माणसाचं मन असं होतं. आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे, उन्हाची आहे. आई तर केव्हाची म्हणते आहे. ये ना इकडेच. फोटो इथेही काढता येतील. बागा आहेत, मुलं खेळत असतात, रंगीत काहीतरी काढ.

तुझी
चिंगी


२४ नोव्हेंबर

चिंगे,

उदास? मी?

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की शेजारच्या बाई बघायला आल्या. मग थोडा रागही आला. तोही सांगून टाकते, मनात ठेवला तर पित्त होतं.

बाळ, आमच्या धंद्यात काळं म्हणजे हवा. छातीच्या फिल्मवर काळं दिसलं, की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू येतं. फुप्फुसात हवा खेळते आहे, माणूस मोकळा श्वास घेतो आहे. भीती असते पांढऱ्या डागाची. नको तिथे पांढरं दिसलं, की खोलीतली माणसं बोलायची थांबतात. तुला माझ्या फोटोत अंधार दिसला, मला ऐसपैस मोकळी जागा दिसते. ही माणसं घरात, कामावर, रस्त्यावर एकमेकांना घासून जगतात. धक्क्यावर येतात, तेव्हा प्रत्येकाभोवती एवढी हवा असते. ती मी कापून टाकू? आणि रंगीत मुलं काढू?

जवळ जायचं मात्र तुझं बरोबर आहे. मी लांब राहत होते, कारण लाज वाटत होती. गेल्या चार दिवसांपासून लाज घरी ठेवून जाते.

तिथला म्होरक्या म्हणजे कप्तान. आयुष्यभर बस चालवली, बोटीत पाय ठेवला तर ओकतो, तरी सगळे कप्तानच म्हणतात. मी कॅमेरा घेऊन सरळ त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तो मान न वळवता म्हणाला, 'ताई, कॅमेरा बघून मासे पळतात.'

मी म्हटलं, 'तुमचं तोंड रोज बघून पळाले नाहीत, ते माझ्या डबीला काय घाबरणार?'

पलीकडचा बुटका माणूस इतका हसला, की त्याची काठी हातातून निसटता निसटता राहिली. तुला आवडलेल्या चौथ्या फोटोतला तोच. शिंपी आहे. अंगातला जाड कोट घरीच शिवलेला, आणि कॉलरला आतून खिसा, त्यात गळांची डबी. मग कप्तानही हसला आणि म्हणाला, 'काढा काय काढायचं ते. पण आम्ही तुमच्याकडे बघणार नाही. दोरा हलला तर कळायला हवं.' बघूच नका म्हटलं. मला तर तेच पाहिजे. कॅमेऱ्याकडे बघितलं, की माणूस लग्नातल्यासारखा होतो.

आणखी दोघे आहेत, साडू साडू. बायका सख्ख्या बहिणी. कुठल्याशा समारंभात एकाने दुसऱ्याला बसायला सांगितलं नाही, तेव्हापासून बोलणं बंद. तरी रोज सकाळी शेजारी शेजारी उभे. धाकट्याला काही सांगायचं असलं, की तो शिंप्याला म्हणतो, 'त्यांना सांगा, त्यांचा दोरा माझ्या दोऱ्यात आला आहे.' थोरला शिंप्याला म्हणतो, 'सांगा त्यांना, दिसतंय.' मध्ये दोन हातांचं अंतर.

नवे सात फोटो पाठवते आहे. जवळून काढले आहेत. काळे आहेत.

तुझी (अजिबात उदास नसलेली)
आत्या


६ डिसेंबर

आत्या,

काळं म्हणजे हवा, हे वाक्य मी आमच्या विभागात सगळ्यांना सांगितलं. आता कुणाचा फोटो फसून काळा आला, की तो 'हवा आहे, हवा' म्हणतो. तू इथे न येताच प्रसिद्ध झालीस.

नवे सातही मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावले. जुने पाचसुद्धा काढून पुन्हा बघितले. आता त्यात मला वेगळं दिसतं, आणि याचं श्रेय तुझ्या पत्राला. साडूंचा फोटो तर जबरदस्त आहे. दोन पाठी, मध्ये एवढीशी फट, आणि त्या फटीतून सगळा समुद्र. ज्याला त्यांचं भांडण ठाऊक नाही तोही थांबून बघतो.

संपादक दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा चहाचा कप घेऊन आले आणि कप तिथेच विसरून गेले. दुसऱ्यांदा विचारलं, 'कोण आहे हा?' मी म्हटलं, 'हा नाही, ही. माझी आत्या आहे.' वर बघितलं, तर ऑफिसमधले सगळे माझ्याकडे बघत होते, इतक्या मोठ्यांदा म्हणाले होते मी.

आणखी पाठव. हिवाळा संपेपर्यंत वीसेक चांगले जमले, तर काहीतरी करता येईल, एवढंच आत्ता सांगते. वारा फार असेल त्या दिवशी जाऊ नकोस. आणि खोलीचं मी विसरलेले नाही.

तुझी
चिंगी


२ जानेवारी

चिंगे, पत्र उशिरा. कामात आहे. फोटो सध्या नाहीत. काळजी नको. वहिनीला नमस्कार.
आत्या


११ जानेवारी

आत्या,

हे काय पत्र आहे? दोन ओळी, आणि अक्षर असं, की आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचं पाकीट आलं. तुझं अक्षर छापल्यासारखं असतं. फिल्मच्या कोपऱ्यात लिहून लिहून तसं झालंय, असं तूच सांगायचीस.

माझं काही चुकलं का? मी तुझ्या मागे वीस फोटोंचा लकडा लावला, म्हणून वैतागलीस? की पुन्हा खोलीचा विषय काढला म्हणून? फोन केला, तर तू 'रेंज नाही' म्हणून ठेवून दिलास, आणि मागे घड्याळाचे ठोके ऐकू येत होते. घरातच होतीस तू. त्या फोटोंमुळे आपल्यात काही बिघडणार असेल, तर चुलीत गेले फोटो. मला आत्या हवी आहे.

सरळ काय ते लिही. या वेळी उत्तर आलं नाही, तर मी येते आहे.

चिंगी


१९ जानेवारी

चिंगे,

हे अक्षर माझं नाही, हे तुला दिसतंच आहे. मी सांगते आहे आणि शिंप्याची बायको लिहिते आहे. आधीचं दोन ओळींचं पत्र मी डाव्या हाताने लिहिलं होतं. त्याला घाम फुटला, म्हणून दोनच ओळी.

उजवं मनगट मोडलं आहे. दोन जागी. आता बरं आहे, प्लास्टर आहे, दुखत नाही.

(नमस्कार. मी लिहिणारी. दुखत नाही हे खोटं आहे. कालच कळ आली तेव्हा ताईंनी उशी दातात धरली होती.)

ही मधे मधे काहीतरी लिहिते आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

झालं असं. डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस वारा होता. तिसऱ्या दिवशी पडला, आभाळ राखाडी, पाणी जड. वारा नसला तरी लाटांचा जोर जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सगळे वरच्या पायरीवर उभे होते. शिंप्याचा दोरा खालच्या दगडांत अडकला. तो सोडवायला तो दोन पायऱ्या उतरला. मी त्याच्याच पाठीवर कॅमेरा लावला होता, वाकलेली पाठ, वर काठी. आणि चौकटीतून माणूस गेला. पुसल्यासारखा गेला. पाणी वर आलं आणि खाली गेलं, आणि पायरी रिकामी.

कप्तान ओरडला. धक्क्यावरच्या खांबाला दोरीचं तरंगतं कडं टांगलेलं असतं, बुडणाऱ्याला टाकायचं. धाकट्या साडूने ते ओढून काढलं, पण त्याला सुचेना. आणि मग जे झालं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. थोरला साडू, जो त्याच्याशी ब्र काढत नव्हता, तो गरजला, 'अरे टाक! बघतोस काय, टाक!'

'दोरी कुणी धरली आहे?'

'मी आहे ना मेल्या मागे! टाक तू!'

त्याने टाकलं. शिंप्याच्या हाताला लागलं. लागलं म्हणजे नशीब, पण त्याहून जास्त धाकट्याचा नेम. थोरल्याने दोरी धरली, त्याच्या मागे कप्तान, आणि कप्तानच्या मागे जागा होती. गळ्यातला कॅमेरा मी काढून दगडावर ठेवला. दोन्ही हात लागणार होते. दोरी मनगटाला गुंडाळली. तसं करायचं नसतं, पण मला एवढं कुठलं माहीत? पुढची लाट आली, शिंप्याला तिने आत ओढलं, दोरी ताठ झाली आणि माझ्या हातात काड्यांची पेटी चिरडावी तसा आवाज आला. मी लगेच ओळखलं. जन्मभर हेच बघितलंय. सोडली नाही.

(सोडली नाही. हे आमच्या यांनी मला दहा वेळा सांगितलं. वर आल्यावर यांनी बघितलं, तर ताईंच्या मनगटावर दोरी तशीच, आणि चेहरा खडूसारखा, आणि ताई यांनाच विचारताहेत, तुम्हाला लागलं का?)

पुरे आता. त्याच लाटेने कॅमेरा गेला. मी बघितलं तेव्हा दगड ओला होता आणि वर काही नव्हतं. आतला रोलही गेला. त्याच्यावर शिंप्याचा शेवटचा फोटो होता. 'शेवटचा' शब्द खोड गं बाई. पडण्याआधीचा.

हॉस्पिटलात गंमत झाली. एक्स-रे काढायला माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती. माझा हात धरून रडायला लागली. मी म्हटलं, 'आधी फिल्म नीट घे, मग रड. कोपर टेकव.' फिल्म बघितली. फार सुरेख आली आहे, एका झटक्यात. मोडलेलं हाड सोड, पण फिल्मला नाव ठेवायला जागा नाही. मी तिला शाबासकी दिली.

तुला कळवलं नाही, कारण तू येऊन मला बोचक्यात बांधून नेलं असतंस. आता कळवलं. कळवलं म्हणजे नेऊ देईन असं नाही.

आत्या

(ताई एकट्या नसतात. आमच्यातलं कुणी ना कुणी रोज असतं. तुम्ही काळजी करू नका. पण आलात तर फार बरं होईल.)


१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सुखरूप पोचले. आई दारातच उभी होती. माझ्या हातात एकच बॅग बघून म्हणाली, 'वन्सं कुठे आहेत?' मी म्हटलं, 'कामावर.'

तुला आता सांगायला हरकत नाही. येताना मी तुझंही तिकीट काढलं होतं. पर्समध्येच होतं शेवटपर्यंत. पहिल्या दिवशी तुझ्या घरात शिरले, ट्रे कोरडे पडलेले, खिडकीला काळा कागद, प्लास्टरमधला हात, आणि मनात म्हटलं, बस झालं, उद्या हिला घेऊन जायचं. माझा जुना कॅमेरा आणला होता तोसुद्धा तुला वाटेत बरं वाटावं म्हणून.

मग सकाळी तू मला धक्क्यावर नेलंस.

तिथे मी एका बाजूला उभी होते, ते तुझ्या लक्षातही नव्हतं. कप्तानने काठी ठेवायच्या लोखंडी टेकूवर तारेने माझा कॅमेरा बांधला. थोरला साडू म्हणाला, 'डावीकडे घे.' धाकटा म्हणाला, 'तुझं डावं की ताईंचं डावं?' दोघे भांडायला लागले, तोंडाने, समोरासमोर, आणि शिंपी मला हळूच म्हणाला, 'आता दिवसभर बोलतात. पूर्वीच बरं होतं.' तू डाव्या हाताने खटका दाबलास. एकदा. मग वाट बघत राहिलीस. मला वाटलं रोल अडकला. तू म्हणालीस, 'उजेड अजून तयार नाही.' किती वेळ थांबलीस तू! आमचे फोटोग्राफर तेवढ्या वेळात शंभर खटके मारतात आणि मग माझ्या टेबलावर ओततात. तू परत फिरेपर्यंत तीन मारलेस. त्या थंडीत, त्या हाताने, तुझी पाठ अशी होती, की तिला कुठल्या उन्हाच्या खोलीत ठेवायचं मला सुचेना. तिकीट मी स्टेशनवर फाडून टाकलं.

कॅमेरा तुझ्याकडेच असू दे. तुझ्याकडे जास्त शोभतो.

आता कामाचं. संपादकांना मी सगळं सांगितलं, चूक माझी, तोंड आवरलं नाही. ते खुर्चीतून उठलेच. त्यांना मोठी गोष्ट हवी आहे. शिंप्याचा समोरून मोठा फोटो, तुझा प्लास्टरसह फोटो, वर मथळा 'मृत्यूच्या जबड्यातून'. बारा पानं द्यायला तयार आहेत. बारा पानं कुणालाच मिळत नाहीत, आत्या. मुखपृष्ठही कदाचित. मला मथळा आवडलेला नाही, पण ठरवायचं तू आणि शिंप्याने. विचारून कळव.

तुझी
चिंगी


२० फेब्रुवारी

चिंगे,

प्लास्टर निघालं. अक्षर माझं आहे, बघ. थोडं थरथरतं आहे, पण माझं.

शिंप्याला विचारलं. त्याने सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'ताई, मी इतकी वर्षं मासे धरतोय. एकदा पाण्यात पडलो. मला पडलेला माणूस म्हणून छापणार?'

माझंही तेच म्हणणं आहे. त्या दिवसाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. का नाही, ते आम्हा पाचजणांना ठाऊक आहे, आणि त्याचा मला जितका अभिमान आहे, तितका काढलेल्या कुठल्याच फोटोचा नाही. तो छापायचा नसतो. मी काय दाखवते आहे? चार माणसं सकाळी उठून समुद्रासमोर उभी राहतात, कुणी सांगितलेलं नसताना. तेवढंच. ते पुरत नसेल, तर माझे फोटो कमी पडले, मथळ्याने भरून काढू नका.

बारा पानं नकोत. जबडा नको. माझ्या हाताचा फोटो तर नकोच. त्याचा एक्स-रे आहे, तो कुणाला हवा असेल तर बघा.

तुझी नोकरी अडचणीत येत असेल, तर फोटो परत पाठव. मी रागावणार नाही. हे मनापासून लिहिते आहे.

आत्या


३ मार्च

आत्या,

आधी निकाल सांगते, म्हणजे धीर धरून वाचावं लागणार नाही. छापून आलं. वेगळ्या पार्सलने पाच अंक पाठवले आहेत, पत्राच्या मागोमाग येतील.

आता कसं झालं ते. तुझं पत्र घेऊन मी संपादकांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, 'भावना समजतात, पण वाचकाला धरायला काहीतरी हवं.' तुझे सोळा फोटो, जुने बारा आणि या पत्रासोबत आलेले चार, त्यांच्या लांब टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि बाजूला उभी राहिले. तुझ्याकडून हेच शिकून आले होते, थांबायचं. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. फोन वाजला, तो उचलला नाही. परत आले. साडूंसमोर थांबले. मग म्हणाले, 'हे नुसतेच गेले, तर लोक पान उलटून जातील.'

मी म्हटलं, 'तुम्ही तर उलटलं नाहीत.'

ते चिडले. म्हणाले, जबाबदारी कोणाची? मी म्हटलं, माझी. अंक पडला, तर माझ्या नावावर. पण जबड्याच्या मथळ्याखाली हे फोटो मी लावणार नाही, दुसऱ्या कुणाला लावायला सांगा. विभागात परत आले, तर कुणी माझ्याशी बोलेना. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी होती: सहा पानं, मथळा तू दे, मजकूर नको.

बारा हुकली, सहा मिळाली. पण त्या सहा पानांत एक ओळही खोटी नाही. मथळा दिला आहे 'पाठमोरी माणसं'. तुझ्या परिचयात काय लिहायचं, यावर फार डोकं खाजवलं. शेवटी लिहिलं: 'आयुष्यभर एक्स-रे काढले. आता धक्क्यावर असतात.'

आईने अंक शेजारी, दूधवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, सगळ्यांना दाखवला. 'माझी नणंद' म्हणते, आणि एवढंच म्हणून गप्प बसते, म्हणजे पुढचं समोरच्याने विचारावं.

तुझी
चिंगी


१८ मार्च

चिंगे,

पार्सल आलं. घरी फोडलं नाही. तसंच काखेत धरून धक्क्यावर नेलं.

सगळे आपापल्या जागी होते. मी म्हटलं, अंक आलाय. कुणी वळलं नाही. कप्तान म्हणाला, 'ठेवा तिथे, बघू सावकाश,' आणि लगेच रीळ गुंडाळायला लागला. थोरल्या साडूने हात कोटाला पुसले, एकदा, दोनदा. धाकट्याने तर काठी चक्क खाली ठेवली, पाण्यात दोरा असताना. मग दगडावर अंक ठेवून चौघे वाकले, आणि मी बाजूला झाले.

चौघांची डोकी एका पानावर आली. मला माझ्या तळमजल्याची आठवण झाली, डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात तेव्हा असंच होतं. मग कप्तान म्हणाला, 'हा मी.' चेहरा नाही, काही नाही, टोपी आणि पाठ. तरी बोट बरोबर ठेवलं. धाकटा साडू म्हणाला, 'मी इतका वाकतो होय?' थोरला म्हणाला, 'तू कायमच वाकतोस.' आणि मग त्याच्याच पाठीवर थाप मारली, सरळ कर म्हणून. शिंप्याने अंक मागून घेतला, घरी दाखवायला.

तू जबड्याशी लढलीस, ते मी त्यांना सांगितलं. कप्तानने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि म्हणाला, 'तुमची भाची तुमच्यावर गेलीय.' मान वर करून उभी राहिले फक्त. आमच्या घरात अशी मुलगी आहे, हे मला आधीही ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, काय करणार!

आता खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती लिहावी म्हणून आज फिरायला गेले नाही.

काल संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात गेले, कोटाचं बटण लावून घ्यायला. खाली दुकान, वर माळ्यावर घर. बुटका माणूससुद्धा वर गेला, तर डोकं आपटेल, इतकी खाली तुळई. शिंपी मशीनवर होता. त्याची बायको खिडकीशी अंक उघडून बसली होती, त्याच्या फोटोचं पान. गेल्या महिन्यात काढलेला. पाण्यात पडून आल्यानंतर तो पहिल्यांदा खालच्या पायरीवर उतरला त्या सकाळचा. मला बघून ती उठली नाही, 'या' सुद्धा म्हणाली नाही. फोटोकडे बघत म्हणाली, 'ताई, हे असे उभे राहतात तिथे?'

मी म्हटलं, रोज.

'घरी तर असे कधी दिसले नाहीत.'

शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, 'घरी तुळई लागते.'

ती हसली नाही. उठली, गळ्यातली टेप काढली, आणि त्याला म्हणाली, 'उभे राहा.' तो म्हणाला, 'आता? गिऱ्हाईकाचं काम आहे.' ती म्हणाली, 'उभे राहा म्हणते ना.' तो उठला. तिने त्याला दुकानाच्या मधोमध आणलं, तुळई नाही तिथे, आणि म्हणाली, 'फोटोत उभे आहात तसे राहा.' बिचारा लाजला. पण राहिला. खांदे मागे गेले, मान वर आली. तिने या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप लावली, बघितली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'कोट खांद्यात आवळतोय यांना. फोटोत सुरकुती दिसते आहे बघा, इथे. मी इतकी वर्षं यांचं माप बाराखडीसारखं तोंडपाठ धरून कापत आले. माप चुकीचं होतं.' आणि तिथल्या तिथे नवं कापड मेजावर पसरलं.

चिंगे, माझ्या फिल्म आजवर हजारो लोकांनी बघितल्या. प्रत्येकजण घाबरत बघायचा, कुठे मोडलंय, कुठे डाग आहे. बिचाऱ्यांना दुसरं काय बघायचं असणार? काल पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघितलं आणि ठरवलं, की आपला माणूस आपल्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा आहे.

बटण लावायचं राहूनच गेलं. मी तसाच उघडा कोट घालून घरी आले, वारा होता तरी.

तुझी
आत्या